दूध आटलंय

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरस तोंडाला लावताना माझे हात थरथरतात. चर्चमधल्या बायकांना वाटतं, वय झालं. माझ्या लेकीला वाटतं, आईची भक्ती फार खोल आहे, आणि ती तसं चारचौघींत बोलूनही दाखवते. दोन्हीही खरं नाही. माझे हात भीतीने थरथरतात, आणि हे केस काळेभोर होते तेव्हापासून थरथरतात.

मी मुळातच घाबरट. लहानपणी बेळगावला मिशनच्या बोर्डिंगात होते, तेव्हा व्हरांड्यात मडमेच्या बुटांची टकटक ऐकू आली की काही केलेलं नसताना मला घाम फुटायचा. आमचे आजोबा शहापूरचे विणकर. ते ख्रिस्ती झाले तेव्हा भाऊबंदांनी पाणी तोडलं, माग मोडला, तरी ते हटले नाहीत, असं घरात कौतुकाने सांगत. त्यांचं धैर्य माझ्यापर्यंत पोचेतो संपलं असावं. माझ्या वाट्याला नुसतं त्यांचं नाक आलं, आणि त्यांची उंची.

आता मी लेकीजवळ बेळगावच्या कॅम्पात राहते. दर नाताळाला निपाणीहून एक बाई आमच्याकडे येते आणि मला मावशी म्हणते. ती आणि माझी लेक एकाच पावसाळ्यातल्या. ती महिन्याने मोठी. पण चर्चमध्ये दोघी शेजारी उभ्या राहिल्या की ती माझ्या लेकीच्या खांद्याला जेमतेम लागते. "थोरली धाकटी दिसती आन् धाकटी थोरली," अशी बायका चेष्टा करतात. त्या दोघीही हसतात. मी गीतांचं पुस्तक उघडते आणि सापडलेलं पान पुन्हा शोधत बसते. मी तेव्हा का हसत नाही, ते आता लिहून ठेवते. बाहेर सगळे स्वराज्य येणार म्हणून धामधुमीत आहेत. माझं इथे आपलं जुनंच चाललं आहे.

लग्न होऊन मी निपाणीला गेले. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर होते. गावाबाहेर मिशनचं आवार होतं. त्यात एक शाळा, तीच रविवारी चर्च व्हायची. पुढे एक मोठी चिंच, बाजूला विहीर, आणि शाळेच्या मागे दोन खोल्या, मध्ये एक भिंत. अलीकडच्या खोलीत आम्ही, पलीकडे शाळेचा शिपाई आणि त्याची बायको. ही शिपायाची बायको म्हणजे माझी शेजारीण. तीही ख्रिस्ती, पण तिला अक्षरओळख नव्हती. दिवसभर तंबाखूच्या वखारीत चाळायला बसायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याच्या वासाने मला शिंका यायच्या, आणि ती म्हणायची, "मास्तरीणबाई, तुमी कॅम्पातल्या. तुमचं नाक लई नाजूक."

"आजोबांचं आहे," मी म्हणायची.

"मग आजोबास्नी वखारीत धाडायला पायजे हुतं!"

अशी आमची थट्टा चालायची. पण मी मास्तरीण आणि ती शिपायाची, हे मी विसरत नसे. मी तिला एकेरी हाक मारायची आणि ती मला अहोजाहो करायची, यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंही नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला ती बाळंत झाली, आणि महिन्याने मी. दोघींनाही मुली. तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. दूध उतरेना. पोर रडून रडून निळी पडायला लागली. मास्तर नुसते दारात येरझाऱ्या घालत होते. शेजारीण न बोलावता आत आली, "द्या हिकडं" म्हणाली, आणि माझी पोर उचलून तिने अंगाला लावली. पुढे आठ दिवस तिनेच पाजलं. एका अंगाला तिची, एका अंगाला माझी. मी खाटेवर पडून बघायची आणि देवाचे आभार मानायची. तिचे मानले की नाही ते मला आठवत नाही.

त्याच वर्षी, पाऊस ओसरता ओसरता, मानमोडी आली. हा ताप कुठून आला, कसा पसरतो, हे कुणालाच धड सांगता येईना. सकाळी धडधाकट दिसलेला माणूस दुपारी अंथरुणाला खिळे आणि तिसऱ्या दिवशी मातीत जाई. माझी तर भीतीने गाळण उडाली. निपाणीत खोकला ही काही नवी गोष्ट नव्हती; तंबाखूचा खकाणा हवेतच असायचा आणि वखारीतली प्रत्येक बाई खोकायची. पण आता यातला तंबाखूचा खोकला कोणता आणि मानमोडीचा कोणता? मी पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला कान लावायची आणि पलीकडचा खोकला ऐकत बसायची. कोरडा वाटला की हायसं वाटायचं. ओला वाटला की पोरीला घेऊन दुसऱ्या भिंतीशी जायची, जशी काही ती मानमोडी भिंतीतूनच येणार होती.

आमच्या आवारात आधी गेला तो पलीकडचा शिपाई. खांद्याला माणसं मिळेनात. मास्तरांनी आणि आणखी एकाने त्याला हातगाडीवरून नेलं आणि माती दिली. ते परत आले तेव्हा मी त्यांना घरात घेतलं नाही. विहिरीवर लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ करायला लावली, कपडे उकळले आणि दोन दिवस पोरीला हात लावू दिला नाही. पलीकडे ती बाई एकटी रडत होती. मी तिच्याकडे गेले नाही. दारातूनच दोन शब्द बोलले.

मास्तर म्हणाले, "अगं, आपण सगळी एका प्याल्यातून पिणारी माणसं. असं करून कसं चालेल?"

"प्याल्याचं प्रभुभोजनाला बघू," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. एका हाताने चौकट धरलेली, दुसऱ्या हातात पोर. डोळे लाल, ओठ फुटलेले.

"मास्तरीणबाई, अंगात लई ताप हाय. दूध तापलंय माझं. दोन दीस पोरीला तुमी पाजा."

तापातल्या आईचं दूध बाळाला बाधतं, असं आमच्याकडे सगळ्या बायका मानत. मीही मानायची. तेव्हा ती काय मागते आहे आणि का मागते आहे, हे मला पुरतं कळत होतं. मला दुसरंही दिसत होतं. त्या पोरीचं तोंड, त्या तोंडातला श्वास, आणि मग त्याच जागी माझ्या पोरीचं तोंड.

"अगं, माझंच दूध आटलंय," मी म्हटलं. "परवापासून. माझीच उपाशी राहते बघ."

इतकं सहज खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. आणि तेवढ्यात तिची पोर रडली.

ज्या बाईने पाजलं आहे तिला वेगळं सांगायला नको. बाळ कुणाचंही रडो, अंग आपलं ऐकत नाही. मला पान्हा फुटला. चोळी भिजली आणि चोळीवरचा पदरही भिजला. मी घाईने हाताची घडी घातली. तिने एकदाच माझ्या पदराकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मी खाली बघितलं.

"बरं बाई," ती म्हणाली. "पोरीला जपा." आणि भिंतीला हात लावत लावत आपल्या दाराशी गेली.

त्या घडीपासून मला जी भीती लागली ती मानमोडीची नव्हती. देव माझा शब्द खरा करील, अशी ती भीती होती. तू म्हणतेस ना आटलं, तर घे, आटलं. पोरीला अंगाला लावण्याआधी मी दर वेळी दाबून बघायची, थेंब येतो का. यायचा. तरी पुढच्या वेळी पुन्हा धडधड. प्रार्थनेला बसले की शब्द फुटेना. मागायचं तरी काय? दूध आटू देऊ नको म्हणावं, तर ते आटलंय असं मीच सांगून बसले होते. दोन घरांत दोन गोष्टी सांगून झाल्या होत्या, आणि देव तर दोन्ही घरांत होता.

मास्तरांना मी काहीच सांगितलं नाही. ती आजारी आहे एवढं कळल्यावर ते शेळीच्या दुधासाठी वस्त्या-वस्त्या हिंडले. उन्हातून घामाघूम होऊन वाटीभर दूध घेऊन यायचे आणि तिच्या उंबऱ्यात ठेवायचे. मी घरात भरल्या छातीने बसलेली असायची. मनाला बरं वाटावं म्हणून मी रोज तांदळाची पेज करायची, तिच्या पायरीवर ठेवायची आणि चार पावलं मागे येऊन हाक मारायची. ती कापसाच्या वातीने पोरीला शेळीचं दूध चोखवायची. ते पोरीला पचेना. भिंतीपलीकडून तिचं रडणं यायचं. पहिले दोन दिवस मोठं होतं. मग बारीक झालं. पाचव्या दिवशी ते इतकं बारीक झालं की कामाच्या नादात ऐकूच येईना, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आपल्याला कशाने सुटल्यासारखं वाटलं हे ध्यानात आलं, तेव्हा हातातलं पातेलं खाली पडलं.

तरी गेले नाही. भिंतीपलीकडे जायला दहा पावलं लागतात. मी माझ्या मनाशी एकच घोकत होते, की हे मी माझ्यासाठी करत नाही. माझ्या पोरीसाठी करते. आईने लेकराला जपलं तर त्यात स्वार्थ कसला? रविवारच्या शाळेत मुलांना मी दर आठवड्याला शेजाऱ्यावर प्रीती करायला शिकवायची. पण तिथेही कुठे म्हटलं आहे, की आपल्या लेकराचं काढून द्या? असं मी देवाशीच वकिली करत होते.

आठ-दहा दिवसांनी तिचा ताप उतरला. ती वाचली. पोरही वाचली, पण काटकी झाली होती. गाल बसले होते आणि डोळे मोठे झाले होते.

आणि तेव्हाच पाळक येणार असल्याचा निरोप आला.

आमचे पाळक, म्हणजे पाद्री, बेळगावहून तीन महिन्यांतून एकदा यायचे. शनिवारी तयारीची सभा आणि रविवारी प्रभुभोजन. आमच्या मंडळीत त्या शनिवारची एक रीत होती. प्रार्थना झाली की प्रत्येकाने आपल्या शेजारी बसलेल्याकडे वळायचं आणि विचारायचं, "माझ्याविषयी तुझ्या मनात काही आहे का?" त्याने असेल ते सांगायचं, नसेल तर नाही म्हणायचं, आणि मग त्याने तेच विचारायचं. ज्यांचा समेट झाला नाही त्यांनी रविवारी प्याल्याला हात लावायचा नाही. अयोग्यपणे जो भाग घेतो तो स्वतःवर देवाचा दंड ओढवून घेतो, हे पाळक दर वेळी वाचून दाखवायचे. ते ऐकताना मला नेहमीच कापरं भरायचं. आणि तोवर तर मी काही केलेलंही नव्हतं.

मानमोडीमुळे सभा चिंचेखाली उघड्यावर घेतली. बायकांच्या चटईवर मी सगळ्यांत आधी जाऊन बसले, अगदी कडेला, खोडाला टेकून. म्हणजे एका बाजूला झाड, आणि दुसऱ्या बाजूला जी कोणी येईल ती. ती शेवटी येईल आणि लांब बसेल, असा माझा हिशेब. पण अंगात त्राण नसल्याने तिला टेकायला काहीतरी हवं होतं. ती आली ती सरळ खोडाकडे. बायकांनी सरकून तिला जागा करून दिली. ती माझ्या शेजारी बसली. मांडीवर ती काटकी.

पाळकांनी प्रार्थना केली. मग सगळ्या चटईवर कुजबुज सुरू झाली. मी तिच्याकडे वळले.

"माझ्याविषयी तुझ्या मनात काही आहे का?"

ती थोडा वेळ पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. आता बोलेल, उभी राहून मोठ्याने बोलेल, मास्तरांसमोर, पाळकांसमोर, असं वाटून मी खोड घट्ट धरलं.

"न्हाय," ती म्हणाली. "तुमच्या मनात हाय काय?"

"नाही," मी म्हटलं.

झालं. समेट झाला.

प्रभुभोजनाचा रस मीच करायची, मनुका उकळून. त्या संध्याकाळी मनुका उकळताना मी दोनदा रडले आणि दोनदा डोळे पुसून पुन्हा ढवळायला लागले. मास्तर म्हणाले, धूर झालाय. मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी प्याला बायकांच्या ओळीत आला. एकच प्याला, एकीकडून दुसरीकडे. तिने तोंडाला लावला आणि माझ्या हातात दिला. माझ्यापुढे दोन भीती उभ्या होत्या. प्यावं तर मानमोडी. न प्यावं तर सगळे विचारतील, का? मी प्याला हातातल्या हातात फिरवला, तिचे ओठ लागले नसतील अशी कड शोधली, आणि तिथेही ओठ घट्ट मिटून नुसता टेकवला. रसाचा थेंबही आत गेला नाही. मान खाली घालून मी प्याला पुढे दिला.

मंगळवारी मला ताप आला. गुरुवारी दूध आटलं.

खरंच आटलं. मी दाबलं, पिळलं, ओल्या फडक्याने शेकलं. काही नाही. पोर तोंड लावायची, ओढायची आणि मान फिरवून किंचाळायची. मास्तरांनी शेळीचं दूध आणलं, ते तिने ओकून टाकलं. घाईघाईने ते म्हणाले, "शेजारणीला बोलावतो. ती आता बरी आहे. तिने मागेही पाजलं होतं."

"नको," मी म्हटलं.

"का?"

"नको म्हटलं ना!"

त्यांनी तिला बोलावलं नाही. तापाने बोलते आहे, असं त्यांना वाटलं असेल. पण मी पूर्ण शुद्धीवर होते. तिच्या दारात जाऊन मला तेच शब्द बोलावे लागणार होते, जे मी तिला माझ्या दारात ऐकवले होते. ती माझ्या तोंडाकडे बघेल, या कल्पनेनेच मी गारठून जात होते. सकाळपासून ऊन कलेपर्यंत मी माझी पोर उपाशी ठेवली, ती एवढ्यासाठी.

आणि तिथे माझी वकिली संपली. मी खोटं बोलले ते पोरीसाठी, असं मी इतके दिवस देवाला सांगत होते. मग आता पोर डोळ्यांदेखत सुकत होती, तर मी कुणाला जपत होते? तिला नक्कीच नाही. माझ्या आत माझ्या पोरीहूनही मला प्रिय असं कुणीतरी बसलं होतं, आणि ती मीच होते. मानमोडीची, देवाची, नरकाची भीती मला ठाऊक होती. स्वतःची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. त्या भीतीनेच मला उठवलं. धैर्याने उठले असं कुणी समजू नये.

पोरीला घेऊन मी भिंत धरत गेले. तिचं दार उघडंच होतं. ती बसली होती आणि तिची पोर अंगाला पीत होती. अंगात ताकद येईल तसं तिचं दूध पुन्हा थोडंथोडं उतरायला लागलं होतं. मी चौकट धरली.

"दूध आटलंय," मी म्हटलं.

माझी पोर रडत होती. शेजारणीची नजर माझ्या पदरावर गेली आणि तिथेच थांबली. पदर कोरडा होता. पोर आणखी मोठ्याने रडली, तरी कोरडाच राहिला.

"ह्या बारीला खरं दिसतंय," ती म्हणाली. त्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती.

मग तिने आपल्या पोरीच्या तोंडात बोट घालून तिला अंगावरून सोडवलं. ती पोर अर्धवट प्यालेली होती. हनुवटीवर दूध ओघळत होतं. तिला गोणपाटावर ठेवलं, आणि हात पुढे केले. "द्या हिकडं."

गोणपाटावरची पोर रडायला लागली. तिचं होऊ दे आधी. एवढे चार शब्द माझ्या जिभेवर आले होते. आता लिहितानाही ते जिभेवरच आहेत. मी ते बोलले नाही. मी माझी पोर पुढे केली.

असं पंधरा दिवस चाललं. आजारातून उठलेली बाई, तिला दूध ते किती असणार? दोघींना पुरत नव्हतं. ती दर वेळी माझ्या पोरीला आधी घ्यायची. "तुमची बारकी हाय," म्हणायची, "माझी पेज चाटती." आणि खरंच, माझ्याच घरून गेलेली पेज ती आपल्या पोरीला बोटाने चाटवायची. मी समोर बसून असायची. तोंडाने म्हणायची, किती गं करतेस. आणि मनात? माझी पोर पिता पिता थांबली की मला वाटायचं, आणखी थोडं ओढ गं बाई, सोडू नको. उपकार घेतानासुद्धा माझी नजर वाटीत जास्त पडतं की कमी, इकडेच होती. मी ती नजर ओळखायची आणि दचकायची. दचकून काही ती नजर हटत नसे.

मला पुन्हा थोडं दूध आलं. दोन्ही पोरी जगल्या.

तीन महिन्यांनी पाळक पुन्हा आले. शिवारात तंबाखूची काढणी चालली होती आणि सभेत सगळ्यांच्या अंगाला तोच वास. या खेपेला मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले. पाळकांची प्रार्थना संपली. कुजबुज सुरू झाली. मी तिला विचारू दिलं नाही आणि स्वतःही विचारलं नाही. एका दमात सांगून टाकलं, की माझं दूध आटलं नव्हतं, मी तुझ्याशी खोटं बोलले, मागच्या खेपेच्या शनिवारी इथेच पुन्हा खोटं बोलले, आणि रविवारी मी प्यालेच नाही, नुसते ओठ लावले.

ती समोर बघत होती. म्हणाली, "दूध आटलं नव्हतं त्ये ठावं हाय मला. पदर भिजल्याला दिसला न्हाय व्हय मला?"

"मग मनात काही नाही, असं का म्हणालीस?"

"खोटं बोलले. मनात लई हुतं. तुमचं तोंड बगू ने असं वाटायचं." तिने पोरीला मांडीवर नीट घेतलं. "म्हनून मीबी प्याले न्हाय त्या ऐतवारी. नुसतं व्हट लावलं आन् तुमच्या हातात दिला."

मी ज्या कडेला घाबरून प्याला फिरवला होता, त्या कडेवरून ती प्यालीच नव्हती. दोघींनी मिटलेल्या ओठांनी एकच प्याला एकमेकींना दिला होता, आणि तो राग तसाच पोटात ठेवून तिने पंधरा दिवस माझी पोर पाजली होती.

"आजून काय हाय मनात?" तिने विचारलं. रीतीप्रमाणे.

गोणपाट होतं. चार शब्द होते. माझी ती मोजणारी नजर होती. तिची पोर मांडीवर बसून चटईची काडी तोंडात घालत होती, आणि माझ्या पोरीपुढे ती केवढीशी दिसत होती.

"काही नाही," मी म्हटलं.

रविवारी ती प्याली. तिचा गळा हललेला मी पाहिला. मग तिने प्याला माझ्या हातात दिला. मी तो फिरवला नाही. तिने तोंड लावलं होतं तिथेच तोंड लावून प्याले, आणि पिताना हात थरथरायला लागले ते आजतागायत.

ती माझी शेजारीण दोन वर्षांमागे वारली. माझ्याएवढी उंच बाई होती ती. तिची लेक कुणावर गेली म्हणून लोक विचारायचे, आणि ती म्हणायची, देवाला ठावं. आपल्या लेकीला तिने काय सांगितलं होतं ते मला माहीत आहे, कारण ती लेकच मला ऐकवते: मानमोडीत मावशीने रोज पेज घालून आम्हाला जगवलं. मी ते ऐकून घेते. तिला चार शब्द सांगायचे म्हणून दर नाताळाला वाट बघते, आणि ती आली की भिते.

आता कॅम्पातल्या चर्चमध्ये एक प्याला नसतो. प्रत्येकाला वेगळी छोटी पेली मिळते. कोण प्यालं आणि कुणी नुसते ओठ लावले, ते शेजारणीलाही कळत नाही. गेल्या नाताळात शेजारणीची लेक माझ्या शेजारी उभी होती. माझे हात इतके थरथरले की पेली हिंदकळून रस मनगटावर आला. तिने पटकन माझ्या हाताखाली आपला हात धरला.

"भिऊ नका मावशी, मी हाय की," ती म्हणाली, आणि तिने पेली माझ्या ओठांशी नेली. तेवढ्यासाठी तिला टाचा उंच कराव्या लागल्या.